बारा ते अठरा : मेसन मेलियाच्या विक्रीमागचा हिशेब

फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्लिनच्या इंचिकोर भागातल्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक क्लबने एक घोषणा केली. त्यांचा सतरा वर्षांचा स्ट्रायकर मेसन मेलिया लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परकडे जाणार होता. बातम्यांमध्ये आलेली रक्कम सुरुवातीला १९ लाख युरो होती आणि पुढे मुलगा खेळत, चमकत गेला तर ती ४० लाखांपर्यंत जाणार होती. लीग ऑफ आयर्लंडमधल्या कुठल्याही क्लबने तोवर एवढ्या किमतीला खेळाडू विकला नव्हता. रकमेची चर्चा खूप झाली. मला मात्र त्या करारातली तारीख जास्त महत्त्वाची वाटली. मेलिया टॉटनहॅममध्ये दाखल होणार होता जानेवारी २०२६ मध्ये. विक्री ठरल्यानंतरचा अख्खा हंगाम हा मुलगा रिचमंड पार्कच्या छोट्या मैदानावर, दर शुक्रवारी संध्याकाळी, आपल्या जुन्याच क्लबसाठी खेळत राहिला.

घेणाऱ्याने वस्तू पसंत केली, सौदा पक्का केला आणि वर्षभर वस्तू दुकानातच ठेवली. हे का घडलं, यातून आलेला पैसा कुणाला मिळाला आणि कुणाला मिळाला नाही, हे नीट पाहिलं की आयर्लंडच्या अकादमी फुटबॉलचं, म्हणजे क्लबांच्या मुलं घडवणाऱ्या शाखांचं, सगळं अर्थकारण उलगडत जातं. म्हणून हे एकच प्रकरण घेतलं आहे.

सोळाचे अठरा झाले

मेलियाचा जन्म सप्टेंबर २००७ चा, विकलो परगण्यातला. त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी जन्मलेल्या गुणी आयरिश मुलाची वाट ठरलेली असायची. डब्लिन किंवा कॉर्कमधल्या एखाद्या शाळकरी क्लबात, म्हणजे शाळकरी मुलांच्या स्थानिक क्लबात खेळायचं, इंग्लिश क्लबचा माणूस येऊन बघून जायचा आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी मूल बॅग भरून लिव्हरपूल, मँचेस्टर नाहीतर लंडनला जायचं. ट्रॉय पॅरट हा याच वाटेने गेलेल्या शेवटच्या काही मुलांपैकी एक. डब्लिनच्या बेल्व्हेडिअर क्लबातून तो २०१७ मध्ये टॉटनहॅमलाच गेला. आयर्लंडची राष्ट्रीय लीग १९२१ पासून चालू असली तरी या प्रवासात तिला जवळजवळ स्थानच नव्हतं. मुलगा शाळकरी क्लबातून थेट परदेशी जायचा आणि लीगचे क्लब कडेला उभे राहून बघायचे.

ब्रेक्झिटने ही वाट बंद केली. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली करायला फिफाची मनाई आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक असा की युरोपीय महासंघ आणि त्याच्या आर्थिक क्षेत्रातल्या देशांमध्ये सोळाव्या वर्षापासून बदली चालते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन त्या क्षेत्राबाहेर गेला आणि सोळाचे अठरा झाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आयरिश नागरिकाला ब्रिटनमध्ये राहायला, काम करायला आजही परवाना लागत नाही. दोन्ही देशांमध्ये त्यासाठी जुनी व्यवस्था आहे. इतर देशांच्या खेळाडूंना इंग्लंडमध्ये जी गुणांची चाळणी पार करावी लागते, तीही आयरिश खेळाडूला लागू नाही. सतरा वर्षांचा आयरिश मुलगा लंडनच्या हॉटेलात उद्या नोकरी धरू शकतो, टॉटनहॅमकडून मात्र खेळू शकत नाही. अडसर फक्त फिफाच्या एका कलमाचा आहे.

त्याच कलमामुळे डेरी शहरात एक विचित्र स्थिती आहे. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं, पण डेरी सिटी हा क्लब १९८५ पासून खेळतो दक्षिणेच्या, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये. ब्रिटनमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांच्या फुटबॉल संघटना वेगळ्या आहेत आणि एकाच देशातल्या दोन संघटनांमध्ये सोळाव्या वर्षी बदली करता येते, त्यामुळे बेलफास्टच्या क्लबातला मुलगा ग्लासगोला किंवा इंग्लंडला जाऊ शकतो. डेरी सिटीच्या मुलाची नोंद डब्लिनच्या संघटनेकडे असते, म्हणून त्याला अठरापर्यंत थांबावं लागतं. सव्वाशे किलोमीटरही अंतर नसलेल्या दोन शहरांतल्या मुलांना दोन वेगळे नियम लागतात.

सेंट पॅट्रिक्सने या नव्या वेळापत्रकाचा सराव आधीच केला होता. जेम्स अबांक्वा हा बचावपटू जानेवारी २०२२ मध्ये इटलीच्या उदिनेसेकडे गेला आणि सॅम कर्टिस जानेवारी २०२४ मध्ये शेफील्ड युनायटेडकडे. दोघेही नुकतेच अठरा पूर्ण झालेले. मेलियाच्या बाबतीत क्लबने एक पाऊल पुढे टाकलं आणि अठरा व्हायच्या कितीतरी आधी भाव ठरवून घेतला.

असं का केलं, हे समजायला आणखी एक नियम लागतो. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून लांबचा व्यावसायिक करार करता येत नाही. सोळाव्या वर्षी सही घेतली तर एकोणिसाव्या वर्षी मुलगा मोकळा. म्हणजे क्लबच्या हातात विकण्याजोगा काळ असतो जेमतेम वर्षा-दोन वर्षांचा. त्यातच गुडघा गेला, सूर हरवला, की भाव अर्ध्यावर येतो. शिवाय इटली, जर्मनी, पोर्तुगालचे क्लब सोळाव्या वर्षीच नेऊ शकतात. शॅमरॉक रोव्हर्सचा केव्हिन झेफी २०२१ मध्ये मिलानच्या इंटरकडे गेला, कॉर्क सिटीचा कॅथल हेफरनन २०२२ मध्ये एसी मिलानकडे. या सगळ्यांची टांगती तलवार असताना, हातात येणारी पक्की रक्कम आणि वर अख्ख्या हंगामाची चाकरी हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो. मुलाच्या बाजूने पाहिलं तरी तोच चांगला होता. इंग्लंडच्या राखीव संघात सतराव्या वर्षी हरवून जाण्याऐवजी तो घरून ये-जा करत, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये धक्के खात, भरल्या मैदानावर गोल करत वाढला.

जुने दर

सेंट पॅट्रिक्सचे १९ लाख मोठे का वाटतात, हे जुने भाव पाहिल्यावर कळतं. रॉय कीन १९९० मध्ये कॉर्कजवळच्या कोव्ह रॅम्बलर्समधून नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला ४७ हजार पौंडांना. तीन वर्षांनी फॉरेस्टने त्याला मँचेस्टर युनायटेडला विकला ३७ लाख ५० हजारांना आणि तो त्या वेळी ब्रिटनमधला विक्रम होता. शेमस कोलमनला एव्हर्टनने जानेवारी २००९ मध्ये स्लायगो रोव्हर्सकडून घेतलं ६० हजार पौंडांत आणि तो पुढे त्या क्लबचा कर्णधार झाला.

कीनच्या गोष्टीत एक तपशील असा आहे की ज्याकडे आज पुन्हा पाहायला हवं. कोव्हला असताना तो आठवडाभर डब्लिनच्या पामर्सटाउनमध्ये सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या फुटबॉल अभ्यासक्रमाला असायचा आणि शनिवार-रविवारी परत येऊन क्लबसाठी खेळायचा. रोजचा पूर्णवेळ सराव त्याला पहिल्यांदा मिळाला तो तिथे, सरकारच्या खर्चाने. आयर्लंडच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या बहुधा सर्वांत मोठ्या खेळाडूच्या घडणीत एका सरकारी योजनेचा हात होता. अकादमींना करदात्यांचा पैसा का द्यायचा, असा प्रश्न डब्लिनमध्ये निघतो तेव्हा हे उदाहरण कुणीतरी पुढे ठेवायला हवं.

सहा वर्षांचा खर्च

आता खर्चाच्या बाजूला येऊ. देशाची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्यात लीगच्या दोन श्रेणींत मिळून वीस वरिष्ठ क्लब. फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख रूड डॉक्टर यांच्या काळात या क्लबांनी मुलांचे संघ उभे करायला घेतले. अंडर-१७ची राष्ट्रीय लीग २०१५ मध्ये आली, अंडर-१५ची २०१७ मध्ये, त्यानंतर अंडर-१३ची आणि काही वर्षांतच तिच्या जागी अंडर-१४ची. मुलींच्या लीगही पाठोपाठ आल्या. उद्देश योग्य होता. चांगली मुलं चांगल्या मुलांशी खेळली पाहिजेत, हे कुणीही मान्य करेल. ब्रेक्झिट व्हायच्या आधीच हा सांगाडा उभा होता, हे आयर्लंडचं भाग्य म्हणायचं.

सांगाड्यासाठी पैसा मात्र आला नाही. क्लबला लीगमध्ये खेळण्याचा परवाना हवा तर मुलांचे संघ चालवणं भाग, आणि प्रत्येक वयोगटामागे प्रशिक्षक, गोलरक्षकाचा प्रशिक्षक, फिजिओ, पोलीस पडताळणी झालेले मदतनीस लागतात. हिवाळ्यात दिवस चार वाजताच मावळतो तेव्हा दिवे असलेलं कृत्रिम गवताचं मैदान तासाच्या भाड्याने घ्यायचं. कॉर्कहून डेरीला जायचं तर बस चारशेहून जास्त किलोमीटर चालते. हे सगळं बहुतेक ठिकाणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवणाऱ्या माणसांच्या जिवावर उभं आहे आणि अनेक क्लबांत पालकही वार्षिक शुल्क भरतात. पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक अगदी मोजके. क्रोएशिया किंवा डेन्मार्कसारख्या, लोकसंख्येने आयर्लंडच्या आसपासच्या देशांशी तुलना केली की आयरिश फुटबॉलची माणसं गप्प होतात.

मेलियासाठी सोळाव्या वर्षी बंद झालेलं दार इथे महत्त्वाचं ठरतं. पूर्वी सोळा ते अठरा या दोन वर्षांचा खर्च इंग्लंड उचलत होतं. तिथे रोजचा सराव, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ विश्लेषक, शिकवणी असं सगळं असायचं. त्या व्यवस्थेने असंख्य आयरिश मुलं एकोणिसाव्या वर्षी हातात काही नसताना, शाळा अर्धवट सोडून परत पाठवली, हेही खरं. आणि ते दुःख देशातल्या कितीतरी घरांनी पाहिलं आहे. पण खर्च तिचा होता. २०२१ पासून तो खर्च इंचिकोर, स्लायगो, ड्रॉहेडा, वॉटरफर्डकडे आला. आठवड्याला तीन-चार संध्याकाळी सराव घेणाऱ्या व्यवस्थेने आता रोज सराव घेणाऱ्या व्यवस्थेचं काम करायचं होतं. काही क्लबांनी शाळांशी करार करून सकाळचा सराव आणि नंतरचे वर्ग यांची सांगड घातली. हे मला सर्वांत आशादायक वाटतं, कारण मुलगा खेळाडू झाला नाही तरी शाळेचं शेवटचं वर्ष त्याच्या हातातून जात नाही.

चार हजार सातशे पन्नास युरो

या प्रकरणाचा गाभा इथे आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

फिफाने २००१ मध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबांसाठी दोन प्रकारची भरपाई सुरू केली. पहिली प्रशिक्षणाची भरपाई. मुलगा परदेशी क्लबात पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा त्याच्या बाराव्या वर्षापासूनच्या सर्व क्लबांना ती मिळते. युरोपात बारा ते पंधरा या वयासाठी तिचा ठोकळ दर वर्षाला १० हजार युरो. दुसरी एकजुटीची भरपाई. करारबद्ध खेळाडू रक्कम मोजून दुसऱ्या देशात विकला जातो तेव्हा त्या रकमेतला जास्तीत जास्त पाच टक्के हिस्सा वर्षांच्या हिशेबाने वाटला जातो. बारा ते पंधरा या वयासाठी वर्षाला पाव टक्का, सोळापासून पुढे वर्षाला अर्धा टक्का.

जुन्या पद्धतीत डब्लिनचा एखादा शाळकरी क्लब मुलाला चार वर्षं वाढवायचा, मुलगा इंग्लंडला जायचा, तिथे व्यावसायिक करार करायचा आणि कागदावर तरी त्या क्लबाचे ४० हजार युरो व्हायचे. एवढ्यात दिव्यांचा खर्च निघतो, कपडे बदलण्याची खोली बांधून होते. नव्या पद्धतीत मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी लीगच्या अकादमीत जातो आणि पहिला व्यावसायिक करार आयर्लंडमध्येच करतो. मग ती बदली देशांतर्गत ठरते. फिफाची प्रशिक्षण भरपाई तिथे लागूच होत नाही. पुढे टॉटनहॅमने त्याला घेतलं की प्रशिक्षणाची भरपाई फक्त शेवटच्या क्लबाच्या वाट्याची आणि ती विक्रीच्या रकमेतच धरलेली असते. लहानपणीच्या क्लबांना उरतो तो पाव टक्का.

१९ लाखांचा पाव टक्का म्हणजे ४,७५० युरो.

देशाच्या इतिहासातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या विक्रीत, तेरा वर्षांच्या मुलाला वर्षभर खेळवणाऱ्या क्लबाचा नियमाने होणारा हिस्सा एवढा. आणि विक्री एक लाखाला झाली तर २५० युरो. एका संघाचे नवे चेंडू घेतले की संपले. मुलगा विकलाच गेला नाही, आयुष्यभर आयर्लंडमध्ये छान खेळत राहिला, तर फिफाच्या नियमातून काहीच येत नाही. शाळकरी क्लबांच्या संघटना राष्ट्रीय अंडर-१३ आणि अंडर-१४ लीगला इतका कडवा विरोध का करत होत्या, याचं उत्तर पुष्कळांनी अहंकार आणि जुनी गटबाजी असं दिलं. गटबाजी होतीच. पण तिच्याखाली हा हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. त्यांच्याकडून मुलगा आधी काढून घेतला गेला आणि भरपाईही त्याच्याबरोबर निघून गेली.

लीगच्या क्लबांना मात्र नियमाबाहेरचा एक मार्ग मोकळा आहे, आणि तो म्हणजे पुढच्या विक्रीतला वाटा. गॅविन बझुनू हा गोलरक्षक सोळाव्या वर्षी शॅमरॉक रोव्हर्सच्या पहिल्या संघात आला आणि मँचेस्टर सिटीकडे गेला. २०२२ मध्ये सिटीने त्याला साउथहॅम्प्टनला विकलं, बातम्यांनुसार १ कोटी २० लाख पौंडांना, आणि करारातल्या वाट्यामुळे त्यातली मोठी रक्कम डब्लिनला आली. वकील नेमून असा करार करणं रोव्हर्सला जमतं. एखाद्या उपनगरातल्या क्लबाचा सचिव, जो शनिवारी सकाळी स्वतः मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, त्याला ते कुठून जमणार?

संघटनेची तिजोरी

वरच्या संघटनेने हा तोल सांभाळायला हवा होता. पण ज्या वर्षांत ते करायचं, त्याच वर्षांत संघटना स्वतः बुडत होती.

डब्लिनच्या नव्या अविवा स्टेडियममधल्या खास खुर्च्या दहा वर्षांसाठी ३२ हजार युरोपर्यंतच्या दराने विकायच्या आणि बांधकामाचा वाटा फेडायचा, असा बेत होता. विक्री सुरू झाली सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे आयर्लंडच्या बँका कोसळत होत्या त्याच महिन्यात. खुर्च्या पडून राहिल्या आणि कर्ज संघटनेच्या मानगुटीवर बसलं. मार्च २०१९ मध्ये मुख्य कार्यकारी जॉन डिलेनी यांनी २०१७ साली संघटनेला १ लाख युरो उसने दिल्याची बातमी फुटली. त्याच महिन्यात जॉर्जियाविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. वर्षअखेरीस सुधारित हिशेब आले तेव्हा देणी सुमारे साडेपाच कोटी युरोंची निघाली. जानेवारी २०२० मध्ये सरकार, युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना आणि बँक ऑफ आयर्लंड यांनी मिळून संघटना तारली. सरकारी विकास अनुदान वर्षाला २९ लाखांवरून ५८ लाखांवर नेलं आणि बदल्यात संचालक मंडळात निम्मे सदस्य स्वतंत्र असावेत अशी अट घातली. त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर. मालवणजवळचं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव, आणि २०११ ते २०१४ या काळात क्रीडा खातंही त्यांच्याकडेच होतं.

ज्या वर्षी ब्रेक्झिटची तयारी करायची, त्या वर्षी कर्मचाऱ्यांचे पगार कसे द्यायचे याची चिंता होती. अकादमींच्या खर्चाचा मसुदा मांडायला माणूसही नव्हता आणि मोकळा पैसाही. हा उशीर पुढच्या पाच वर्षांना भोवला असं माझं ठाम मत आहे.

क्लबांचा स्वतःचा इतिहासही फार बरा नाही. शेलबर्न २००६ चे विजेते, पण पैशांच्या घोळामुळे पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत. ड्रॉहेडा २००७ चे विजेते, २००८ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली. कॉर्क सिटीची जुनी कंपनी २०१० मध्ये गुंडाळली गेली. प्रत्येक ठिकाणी पैसा मोठ्या खेळाडूंच्या पगारात ओतला होता. त्या पैशांतून मैदानं झाली असती, मुलांचे प्रशिक्षक झाले असते.

आज चित्र बरंच बदललं आहे. १६ फेब्रुवारी २०२५ ला अविवा स्टेडियमवर बोहेमियन आणि शॅमरॉक रोव्हर्स यांच्या सामन्याला ३३,२०८ लोक आले आणि तो लीगचा विक्रम ठरला. त्याच्या तीन दिवस आधी रोव्हर्सचा सोळा वर्षांचा मायकल नूनन नॉर्वेच्या मोल्डेविरुद्ध गोल करून कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लबांच्या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत लहान गोल करणारा खेळाडू झाला. नूनन मूळचा सेंट पॅट्रिक्सच्याच अकादमीतला. एकाच महिन्यात एका अकादमीचा एक मुलगा विक्रमी किमतीला लंडनला विकला गेला आणि दुसरा शहरातल्याच प्रतिस्पर्ध्याचा झेंडा घेऊन युरोपात चमकला. गुणवत्ता आहे, लोक येत आहेत, आणि स्वस्तात मिळणाऱ्या तरुण खेळाडूंकडे पाहून परदेशी मालकही आले आहेत. ड्रॉहेडा ट्रिव्हेला नावाच्या अमेरिकी गटाच्या ताब्यात गेला. २०२४ चा राष्ट्रीय चषक जिंकूनही तो पुढच्या वर्षी युरोपात खेळू शकला नाही, कारण त्याच गटाचा डेन्मार्कमधला क्लबही त्याच स्पर्धेत होता. बाहेरच्या पैशासोबत बाहेरची गणितंही येतात, हे त्या गावाने अनुभवलं.

सरकारचा हात

मग नियमित पैसा आणायचा कुठून? घोडे आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींना आयरिश सरकार एका खास निधीतून मदत करतं. २०२४ मध्ये ती ९ कोटी ५० लाख युरो होती, त्यातले ७ कोटी ६० लाख घोड्यांना. सट्ट्यावरच्या करातून शर्यतींना आधार देण्याची ही कल्पना जुनी आहे. पण आज आयरिश माणूस फुटबॉलवरही भरपूर पैसे लावतो, आणि त्या करातला वाटा फुटबॉलला मिळावा ही संघटनेची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. २०२३ मध्ये संघटनेने सुविधांचा पंधरा वर्षांचा आराखडा मांडला, ८६ कोटी ३० लाखांचा. आकडा ऐकून राजकारणी दचकले, पण खेळाडूंना कपडे बदलायला खोली नसलेली, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नसलेली मैदानं तिथे आजही आहेत.

अकादमींसाठी स्वतंत्र तरतूद अखेर ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात आली : ३० लाख युरो. वीस क्लबांत सारखे वाटले तर प्रत्येकी दीड लाख. त्यात दोन-तीन पूर्णवेळ माणसं बसतात. एखादा क्लब हसेल, पण जिथे आजवर एकही पूर्णवेळ माणूस नव्हता तिथे दोन माणसं म्हणजे व्यवस्थेची सुरुवात आहे. मेलियाच्या १९ लाखांपेक्षा हे दीड लाख मला जास्त मोलाचे वाटतात. विक्री एकदाच होते, तिचा पैसा एकाच क्लबाला मिळतो, आणि मुलगा घडून झाल्यावर होते. पगार दर महिन्याला लागतो आणि मुलगा बारा वर्षांचा असताना लागतो. शॅमरॉक रोव्हर्सला २०२४-२५ च्या कॉन्फरन्स लीगमध्ये नुसतं सहभागाचे ३१ लाख ७० हजार युरो मिळाले, म्हणजे देशभरच्या अकादमींसाठी सरकारने ठेवलेल्या रकमेहून जास्त. त्यांची अकादमी बलवान होणार हे उघड आहे. सरकारी पैशाने स्लायगो आणि कोव्हच्या अकादम्या उभ्या राहिल्या नाहीत तर डब्लिनबाहेरचा मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडेल आणि इंग्लंडचा जुना प्रकार देशातल्या देशात सुरू होईल.

माझी एक आग्रहाची मागणी आहे. या निधीतला ठरावीक हिस्सा अकादमीला मुलगा देणाऱ्या स्थानिक क्लबांकडे, मुलगा गेला त्याच वर्षी, थेट जावा. विक्रीची वाट पाहू नये. देशांतर्गत भरपाई कशी द्यायची हे फिफाने राष्ट्रीय संघटनांवर सोडलं आहे, त्यामुळे डब्लिनने ठरवलं तर हे होऊ शकतं. संघटनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या आराखड्यात सगळ्या वयोगटांचा हंगाम मार्च ते नोव्हेंबर असा एकसारखा करायचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक शाळकरी लीग पेटून उठल्या. वेळापत्रकावरून इतका राग येत नाही. तो राग आपल्याकडून सतत घेतलं जातं आणि परत काही येत नाही, या भावनेतून आला होता. हंगाम बदलायचा असेल तर आधी हे देणं फिटायला हवं.

पावती

एक सुधारणा मात्र खरोखर झाली आहे. पूर्वी भरपाई हवी तर छोट्या क्लबाला स्वतः दावा करावा लागे. जुन्या नोंदी शोधा, पत्रं पाठवा, महिनोन्महिने वाट पाहा. कितीतरी क्लबांना आपला हक्क आहे हेच माहीत नसे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसमध्ये फिफाचं वाटप केंद्र चालू आहे. बदली झाली की खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो, त्यात तो बाराव्या वर्षापासून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे नोंदलेला होता हे येतं, आणि पैसे ज्याचे त्याला जातात.

मेलियाच्या पासपोर्टातली पहिली मोजली जाणारी नोंद तो बारा वर्षांचा झाला त्या वर्षीची, २०१९ ची. सहाव्या-सातव्या वर्षी त्याच्या बुटांची नाडी बांधून देणाऱ्या, पावसात चार शंकू मांडून त्याला चेंडू पायाजवळ ठेवायला शिकवणाऱ्या माणसांचा क्लब त्या यादीत त्याआधीच्या पाच वर्षांसाठी कुठेच येत नाही. त्या वर्षांचा दर फिफाच्या तक्त्यात नाही.